धाकटीचं तिकीट फुकट आहे म्हणून पर्सनल लोन काढायचं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मोठा साडेपाच वर्षांचा, धाकटी दोन वर्षं आठ महिन्यांची, ओर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचंय, आणि धाकटी तीनची व्हायच्या आत गेलं तर तिचं तिकीट लागत नाही म्हणून ही सगळी घाई. खर्चाच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे साठलेत. उरलेल्यासाठी मिस्टर म्हणतायत इमर्जन्सी फंड मोडू, तुम्ही म्हणताय १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय ते घेऊ, आणि अगदीच कमी पडलं तर कार्ड आहेच. त्यात तुम्ही सध्या नोकरीतून ब्रेकवर, म्हणजे घर एका पगारावर चाललंय.

उत्तर आधीच देऊन टाकते, लोनही नको आणि फंडही मोडू नका, साधारण दीड वर्ष थांबा. पण थांबणं काही फुकटात पडत नाही, तेही सांगणार आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल सल्लागार काय, नेहमी थांबाच म्हणतात.

तुम्ही पाठवलेल्या बजेटचे खरे आकडे इथे टाकत नाही, एकूण खर्च १०० धरू. त्यात विमान ४२, हॉटेल २३, पार्कची तिकिटं १९, खाणं आणि तिथलं फिरणं ११, किरकोळ ५. आता गंमत बघा, ज्या गोष्टीसाठी घाई चाललीये ती या १०० मध्ये किती आहे? १९ मध्ये तीन माणसांची तिकिटं आहेत, म्हणजे माणशी सहाच्या आसपास, कारण तिथे ३ ते ९ वर्षांच्या मुलांचं तिकीट मोठ्यांपेक्षा थोडंसंच कमी असतं. म्हणजे धाकटीचे वाचणार सहा. लायटनिंग लेन (जादा पैसे देऊन राइडची लांब रांग टाळायची सोय) घेणार असाल तर तिचे तेही वाचतात, धरा अजून थोडे. पण विमानात ती आत्ताच दोनच्या वर आहे, मांडीवर बसवून न्यायचं वय गेलं, पूर्ण सीट लागणारच, आणि तिच्या वाट्याला त्या ४२ मधले दहाएक येतात. हॉटेलची खोली चौघांना तीच. म्हणजे फुकटचं नाव मोठं, पण मोठे खर्च तिचं वय तीन झालं म्हणून हलतच नाहीत.

आता लोन. साठलेत ५५, लागतात ४५ अजून. ४५ वर १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता साधारण २.१६ येतो, दोन वर्षांत भरणार ५१.८, म्हणजे व्याज जवळपास सात, प्रोसेसिंग फी वेगळी. सहा वाचवायला सात दिले. हे गणित मेल लिहिताना तुमच्या नजरेतून सुटलं असं मला वाटतं, कारण वाचलेलं तिकीट ठळक दिसतं आणि व्याज हप्त्यात लपून बसतं.

पण थांबण्याचाही हिशोब करू. दीड वर्षाने धाकटीचं तिकीट धरून खर्च १०६, त्यावर भाव वर्षाला पाच टक्के वाढले असं धरलं तर ११४ च्या आसपास. तुमचे दर महिन्याला ३ उरतात असं तुम्ही लिहिलंय, १८ महिन्यांचे झाले ५४, आधीचे ५५, आणि सगळ्यावर सहा टक्क्यांनी साधंसं व्याज धरलं तरी सातेक. झाले ११६. म्हणजे पुरतात, जेमतेम का होईना. थांबल्याने खर्च १४ ने वाढला, सात व्याजात मिळाले, निव्वळ सात जास्त गेले. लोनवाल्या रस्त्यानेही सातच जास्त जात होते! म्हणजे पैशाच्या बाजूने दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीत आहेत आणि जो कोणी तुम्हाला सांगेल की थांबलात तर खूप वाचेल तो चुकीचं सांगतोय.

मग फरक कुठे? फरक जोखमीत आहे. लोन घेतलं की महिन्याच्या ३ मधले २.१६ बांधले गेले, उरलं एकापेक्षाही कमी, आणि तेही एकाच पगारावर, पुढची दोन वर्षं. तुमची नोकरी सहा महिन्यांत पुन्हा सुरू होईल असं तुम्ही लिहिलंय पण ऑफर अजून हातात नाही. मधे मिस्टरांच्या नोकरीला काही झालं तर ट्रिप होऊन गेलेली असेल आणि हप्ते चालूच असतील. थांबण्याच्या रस्त्यावर असं काही झालं तर तुमच्याकडे साठवलेले पैसे असतील आणि ट्रिप पुढे ढकलली जाईल, बस्स.

इमर्जन्सी फंडाचं तर विचारूच नका. पाच महिन्यांच्या खर्चाचा आहे म्हणता, त्यातून ४५ काढले तर तुमच्याच हिशोबाने दोन महिन्यांचा उरतो. मिस्टरांचं म्हणणं असं की व्याज तरी लागणार नाही, ते बरोबर आहे, पण दोन पगार असताना तो फंड मोडला असता तर मी कदाचित एवढी अडले नसते, एका पगारावर नाही. आणि कार्डाचं तर नावच नको, महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नाही, चक्रवाढीने ४२ च्या वर जातात.

दुसरी गोष्ट पैशाची वाटत नाही पण आहे. उंची. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कातल्या स्पेस माउंटन राइडला किमान ११२ सेंटीमीटर उंची लागते, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ९७, ट्रॉनला १२२. साडेपाच वर्षांची मुलं साधारण ११०-११२ ला असतात, म्हणजे मोठा आत्ता बरोब्बर काठावर, आणि रांगेच्या तोंडाशी मापून परत पाठवलेलं मूल सांभाळणं काय असतं ते तुम्ही जाणता. धाकटी आत्ता ९० च्या थोडी वर असेल. दीड वर्षाने मोठा १२० च्या आसपास, धाकटी १०० च्या वर, म्हणजे दोघांना कितीतरी जास्त राइड्स मिळतात. डम्बो, पीटर पॅन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड यांना उंचीची अट नाही, त्यामुळे आत्ता गेलात तर मुलं रडतील असं नाही, पण मोठ्याचं तिकीट तेवढंच असून वापर कमी. मोठ्या राइडला रायडर स्विच मिळतो, एकजण मुलांपाशी थांबतो आणि मग दुसरा पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो, तो विसरू नका.

बाकी "तिला आठवणारच नाही, मग कशाला न्यायचं" हे लोक सांगतात त्याकडे मी फार लक्ष देत नाही. तीनच्या आधीचं मोठेपणी बहुतेकांना आठवत नाही हे खरंय, पण आठवत नाही म्हणून त्या वयात मुलांना कुठेच न्यायचं नाही असं थोडंच आहे? फक्त त्यासाठी कर्ज काढू नये एवढंच.

थांबण्यात एक खरा तोटा आहे तो तुम्ही लिहिला नाहीये. मोठ्याची शाळा. आत्ता कधीही उचलून नेता येतं, दीड वर्षाने सुट्ट्यांमध्येच जावं लागेल, आणि तिथली तिकिटं २०१८ पासून तारखेप्रमाणे बदलतात, गर्दीच्या दिवसांना महाग. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर सहसा स्वस्त असतो, पण जून ते नोव्हेंबर तिथे चक्रीवादळांचा मोसम आहे, तेव्हा जाणार असाल तर विमान आणि हॉटेल बदलता येण्यासारखं बुक करा. पहिली-दुसरीतल्या मुलाची आठवडाभर शाळा बुडाली तर काय होतं, हे शिक्षकांशी बोलून ठरवा, माझ्या मते फार काही होत नाही.

एक कात्री आत्ताच लावता येईल. तुमच्या बजेटमध्ये सहा पार्क-दिवस आहेत, कारण दिवस वाढवले की दर दिवसाचा भाव कमी होतो. होतो खरा, पण त्या वाढीव दिवसाची हॉटेलची रात्र, जेवणं, फिरणं कोण धरणार? एवढ्या लहान मुलांना चार दिवस भरपूर होतात, दोन मॅजिक किंगडम, एक अ‍ॅनिमल किंगडम, एक मोकळा, स्विमिंग पूलवर, तिकीट न काढता. पार्क हॉपर, म्हणजे एकाच दिवशी एकाहून जास्त पार्कांत जायचं तिकीट, तर नकोच, दुपारी झोपलेल्या पोराला दुसऱ्या पार्कात कोण नेणार. या कापणीत तुमचे १२-१३ सहज निघतात आणि मग दीड वर्षाचं सव्वा वर्ष होतं.

हे पैसे शेअर्समध्ये किंवा इक्विटी फंडात टाकू नका, दीड वर्षाचा काळ त्यासाठी लहान आहे. ५५ एफडीत, महिन्याचे ३ आरडीत, खाती वेगळी. खर्च बहुतेक डॉलरमध्ये आहे, म्हणून पाचेक टक्के वरखाली होतील असं धरून थोडी उशी ठेवा. प्रवास विमा घ्याच, अमेरिकेत डॉक्टरचं बिल छोट्या आजाराचंही मोठं येतं. आणि मधल्या काळात तीन-चारचं बजेट ठेवून जवळच्या एखाद्या छोट्या पार्कला एक दिवस जाऊन या. रांगेत धाकटी किती वेळ टिकते, मोठा अंधाऱ्या राइडला घाबरतो का, हे कळेल, मग ओर्लँडोचे दिवस ठरवायला सोपं जाईल.

माझं मत कधी बदलेल ते पण लिहिते. तुमची ऑफर हातात आली, दोन पगार सुरू झाले, वर सांगितलेली कापणी केली आणि कमी पडणारी रक्कम १० च्या आत आली, तर तेवढं थोडंसं लोन घेऊन सहा-आठ महिन्यांत फेडायला माझी हरकत नाही, धाकटी तेव्हा तीनच्या वर असली तरीही. ऑफर आली की कळवा, आरडीचा आकडा तेव्हा पुन्हा बघू.