‘पूर्वी मी खूप वाचायचे, आता वाचवत नाही’

हे वाक्य मी वडोदऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. कुणी झोप लागत नाही म्हणून आलेलं असतं, कुणी निवृत्तीनंतरचं रिकामपण घेऊन, कुणी मुलाशी बोलणं तुटलं म्हणून. मुख्य बोलणं संपतं, पर्स उचलली जाते, आणि मग आवाज थोडा खाली येतो. ‘अजून एक विचारू? मी पूर्वी पुस्तकांचा फडशा पाडायचे. आता दोन पानं होत नाहीत. माझं काही बिघडलंय का?’

बहुतेकांनी दोषी आधीच पकडलेला असतो, तो म्हणजे मोबाइल. मोबाइलचा वाटा आहेच. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनही पुस्तक जागचं न हललेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यातल्या एकीबद्दल इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं नेमकं तेवढंच घेतलं आहे. खोलीत मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी, कारेलीबागेत घर, मुलगी पुण्याला. सोसायटीतल्या मराठी बायकांचा एक वाचक गट आहे. महिन्यातून एकदा जमायचं आणि एकीने एका पुस्तकावर बोलायचं. ताई त्या गटाच्या सुरुवातीपासूनच्या. गेले काही महिने त्या काही ना काही निमित्त काढून गैरहजर राहत होत्या.

पहिल्या भेटीत त्यांनी भीती स्पष्ट सांगितली. त्यांच्या आईला शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता. ‘तिचंही वाचन आधी सुटलं, मॅडम. मग बाकीचं.’

अशा वेळी मी धीर द्यायची घाई करत नाही. आधी साध्या गोष्टी तपासायच्या. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, बी-बारा, साखर, झोप आणि चश्म्याचा नंबर या गोष्टी लक्ष लागण्याच्या आड येतात, आणि त्या रक्ततपासणीत किंवा डोळ्यांच्या दवाखान्यात सापडतात, समुपदेशकाच्या खुर्चीत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला माझं तेच सांगणं आहे. त्याचबरोबर स्वतःला विचारा, फक्त वाचनच नकोसं झालंय, की गाणं, जेवण, मैत्रिणींचे फोनही? सगळ्यातलाच रस आटला असेल तर तो प्रश्न पुस्तकांचा नाही, मनाच्या खिन्नतेचा आहे. त्यासाठी लवकर मदत घ्या. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, कालचं आज न आठवणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं असं काही असेल तर मज्जाविकारतज्ज्ञांना दाखवा. ताईंचं यातलं काहीही नव्हतं. वाचायच्या चश्म्याचा नंबर वाढला होता, एवढंच. सोसायटीचा वर्षाचा हिशेब त्या एकहाती जुळवत होत्या. नवा चश्मा आला. पुस्तक तिथेच राहिलं.

मग मी विचारलं, ‘दोन पानं झाल्यावर मन भरकटतं म्हणता. भरकटून कुठे जातं?’

त्यांनी जरा विचार केला. ‘किती पानं राहिली ते बघायला.’

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. कारण मन भरकटत नव्हतंच. ते अगदी एकाग्र होतं, फक्त पुस्तकावर नाही, पुस्तक संपवण्यावर. मुलीने त्यांच्या फोनमध्ये वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची सोय करून दिली होती. वर्षाचं उद्दिष्ट ठरलेलं. गटातल्या एक जणी दर महिन्याला तीन-चार पुस्तकं संपवायच्या. पुस्तक हातात घेतलं की ताईंच्या डोक्यात एक वाक्य सुरू व्हायचं, ‘आपल्यासारखीने एवढं तरी वाचायलाच हवं.’

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत घडलेली समुपदेशक आहे. आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्याला ती मांडली, आणि आपल्या मराठीत ती चांगली रुजली आहे. आपल्याला त्रास प्रसंगाने जितका होतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दल स्वतःकडे केलेल्या हट्टी मागणीने होतो, हा तिचा गाभा. परीक्षा, लग्न, नोकरी यांच्याबाबतीत लोकांना हे पटतं. आवडीच्या गोष्टीलाही तीच मागणी चिकटते, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. छंदाला कशाला कोण हट्ट करेल? पण करतात. आणि आवडीचं एक असतं, तिच्याकडे हुकमाने काही मागितलं की ती निघून जाते.

हे मी ताईंना सांगितलं नाही. सांगून पटण्यासारखं ते नव्हतंच, त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन ‘आजपासून दडपण घ्यायचंच नाही’ असं नवं दडपण घेतलं असतं. मी वेगळंच विचारलं.

‘वाचायला कुणी शिकवलं तुम्हाला?’

‘शाळेत.’ मग थांबल्या. ‘नाही. शाळा गुजराती होती. मराठी वाचायला मला कुणी शिकवलंच नाही.’

आणि ताई बोलू लागल्या. दांडिया बाजारातलं एकत्र कुटुंबाचं घर. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत गुजराती. गुजराती अक्षरांना वर शिरोरेषा नसते, त्यामुळे आजोबांच्या पुस्तकातली मराठी अक्षरं त्यांना लहानपणी दोरीवर वाळत घातलेली वाटायची. पाचवीत हिंदीमुळे देवनागरी आली, आणि तिचा हात धरून त्या एकट्याच मराठीत शिरल्या. आधी जुन्या दिवाळी अंकांमधली चित्रांखालची वाक्यं, मग गोष्टी, मग कळत नसलेल्या कादंबऱ्यासुद्धा. माळ्यावर बसून. खालून हाका यायच्या, ‘अगं, पाणी भर’, ‘अगं, धाकट्याला घे’. हातात पुस्तक दिसलं की आजोबा म्हणायचे, ‘असू दे, वाचतेय ती.’

‘मग मराठीत किती मार्क पडायचे?’ मी विचारलं.

‘मराठीत मार्क कुठले? मराठी विषयच नव्हता शाळेत. मराठीत माझी कधी परीक्षाच झाली नाही.’

हे बोलून त्या गप्प झाल्या. बराच वेळ. अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर सगळं तयार असतं, पण ते बोलायचं नसतं. मी बोलले नाही, आणि या कामात मला जे थोडं जमलं आहे त्यात हे गप्प राहणं मी वरचं धरते. बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, ‘आता मीच घेतेय ना?’

‘काय?’

‘परीक्षा.’

याच्या पुढचं काम सोपं होतं असं नाही, पण वाट सापडली होती. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी येताना या आठवड्यात चुकून वाचलेलं काहीतरी घेऊन या. ठरवून वाचलेलं नको. त्या म्हणाल्या, ‘चुकून मी काही वाचतच नाही.’ पण आल्या तेव्हा पिशवीत एक जुना दिवाळी अंक होता, मुखपृष्ठ नसलेला, कडेला तेलाचे डाग. दूध तापेपर्यंत ओट्यापाशी उभ्याने त्यातलं एक प्रवासवर्णन त्या वाचायच्या. कितव्यांदा ते त्यांनाच माहीत नव्हतं.

‘हे काय वाचन आहे, मॅडम?’

मी म्हटलं, मला वाचून दाखवा. त्या वाचू लागल्या. पहाटेच्या एका बंदराचं वर्णन होतं. एका वाक्यापाशी थांबल्या, मागे गेल्या, तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.

‘परत का वाचलंत?’

‘छान वाटलं म्हणून.’

‘पण त्यात वेळ गेला.’

‘जाऊ दे!’

आणि त्या हसल्या. तो ‘जाऊ दे’ ज्या सहजतेने आला, त्यासाठी आम्ही इतक्या वेळा भेटलो होतो. व्हिक्टर नेल नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने आनंदासाठी वाचणाऱ्यांचा अभ्यास केला. १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात त्याला आढळलं, की अशा वाचकांना जी पानं सगळ्यात आवडतात तिथे त्यांचा वेग वाढत नाही, उलट कमी होतो. म्हणजे ताई त्या क्षणी मंद झालेल्या वाचक नव्हत्या, रमलेल्या वाचक होत्या. हे मी त्यांना सांगितलं, आणि आईच्या आजाराची भीती त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाली.

लोकांना वाचायला का आवडतं, असं मला व्याख्यानांत विचारतात. ज्ञान वाढतं, शब्दसंग्रह वाढतो, ही उत्तरं विचारणाऱ्यांनीच तयार ठेवलेली असतात. ज्यांना खरोखर आवडतं ती माणसं माझ्या खोलीत असं कधीच म्हणत नाहीत. ती म्हणतात, तिथे मला कुणी हाक मारत नव्हतं. मला जे वाटत होतं ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. त्या घरातली माणसं मला आमच्या घरातल्यांपेक्षा जास्त कळायची. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७८ मध्ये वाचनाचे दोन प्रकार सांगितले. मुलाने चुकून विष प्यायलं आणि आई बाटलीवरचं लेबल वाचते आहे, हा एक. तिला उतारा कोणता एवढंच हवं आहे, शब्दांशी देणंघेणं नाही. दुसऱ्या प्रकारात वाचून हाती काय उरलं हे महत्त्वाचं नसतं, वाचत असताना आत काय चाललं आहे ते महत्त्वाचं. दोन्ही लागतात. ताईंचं नोकरीतलं सगळं वाचन पहिल्या प्रकारचं होतं, आणि संध्याकाळी कादंबरीही त्या तशाच वाचू लागल्या होत्या, उतारा शोधत.

म्हणून अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी मोजणं बंद करायला सांगते. नोंद पुसा, उद्दिष्ट पुसा. नको वाटलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडा, लेखकाला कळत नाही. जुनं पुस्तक पुन्हा वाचायला लाजू नका. मोठ्याने वाचा, ऐकायला कुणी असेल तर उत्तमच. फोन दूर ठेवा, पण तो ठेवला म्हणून गोडी आपोआप येईल अशी अपेक्षा नको, त्याने फक्त जागा रिकामी होते.

ताईंना मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायला सांगितलं, आणि अट घातली की पुस्तक घरी आणायचं नाही. तिथेच उघडायचं, आवडेल तिथपर्यंत वाचायचं, ठेवून यायचं. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांमधून गावोगाव पुस्तकं फिरवली. महाराज स्वतः १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि खरं अक्षरशिक्षण त्यानंतरच सुरू झालं. लहानपणी गोडी लागली नाही तर कधीच लागत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आपल्या गावात राहून तरी ते म्हणू नये.

आई-बाबांसाठी एक सांगायचं राहिलं, कारण ताईंच्या मागोमाग तेच येतात. ‘एक पुस्तक संपवलंस तर अमुक देईन’ हे कृपा करून थांबवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्रं काढायला आधीपासून आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना आधीच बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. पुस्तक संपल्यावर ‘काय शिकलास?’ असंही विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘पुढे काय झालं?’ विचारा. त्याला क्रिकेटवरचं वाचायचं असेल, चित्रकथा वाचायच्या असतील, वाचू द्या. आणि ताईंच्या आजोबांनी केलं तेवढं करा, वाचणाऱ्या मुलाला पाणी भरायला उठवू नका.

ताई आता आठवड्यातून एखाद्या वेळी मांडवीला जातात. कधी वाचतात, कधी नुसत्या बसून येतात. गटात परत गेल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘या महिन्यात मी काहीच संपवलं नाही, पण मला तीन पानांबद्दल बोलायचंय.’ त्यावर एकीने हळूच विचारलं, अर्धं सोडलेल्या पुस्तकावर बोललं तर चालेल का? चालेल असं ठरलं. वर्षभर न येणाऱ्या दोघी पुढच्या महिन्यात आल्या.