ताई, कोकणात दोघींसाठी एक रूम मागायची कशी?

ठाण्याहून एकीनं लिहिलंय, वय २९. पार्टनरसोबत ३ वर्षं आहे, घरी दोघींच्याही माहीत नाही. डिसेंबरमध्ये चार दिवस मालवणला जायचं ठरतंय, पार्टनरच्या मामाचं गाव तिकडेच म्हणून रस्ते ओळखीचे. पण मागच्या ट्रिपला लॉजवाल्यानं "दोघीच? मिस्टर कुठायत?" विचारलं, वर दोन वेगळ्या कॉटची रूम दिली, सगळा मूड गेला. आता पार्टनर म्हणते, तिकडे जाऊन पण मैत्रीण म्हणूनच फिरायचं असेल तर घरीच बसू. "ताई काय करू?"

अगं, आधी मालवण कॅन्सल कर. तिकडे कोणीही पहिलं विचारणार "खंयचे तुमी?", मग आडनाव, मग वाडी, आणि तिसऱ्या प्रश्नाला मामा सापडलाच म्हणून समज, रात्री जेवायचं बोलावणं येतं आणि तुमचे चार दिवस मामाच्या पडवीत जातात. मामा कितीही चांगला असू दे, पण ही सुट्टी तुमची आहे.

गुहागरला जा. माझं माहेर तिथलं म्हणून सांगतेय असं समज हवं तर, पण खरंच लांबलचक किनारा, सुरूचं बन, आणि गर्दी कमी. सोमवार ते गुरुवार जा, शनिवार-रविवारी वाळूवर गाड्या घालणारे, पिऊन आरडाओरडा करणारे ग्रुप असतात आणि दोघीच बायका दिसल्या की त्यांना चेव येतो. सकाळची मांडवी एक्स्प्रेस पकडा, दिवसाउजेडी चिपळूणला उतरता, पुढे गुहागर साधारण ४५ किलोमीटर. कोकणकन्या नको, ती चिपळूणला भल्या पहाटे, अंधारातच सोडते.

आता रूम. ऑनलाइन बुक केलंस तरी फोन करच. "दोघी लेडीज आहोत, डबल बेडच हवा, बाथरूम आतलं, दार स्वतंत्र" एवढंच बोल आणि गप्प बस, कारण द्यायला गेलीस की पुढचा प्रश्न येतो. ते अडखळले, "भाऊ येतोय का सोबत" वगैरे सुरू झालं तर थँक्यू म्हणून ठेवून दे, दुसरं घर बघ. घरगुती ठिकाणी बऱ्याचदा रूमची खिडकी त्यांच्याच पडवीत उघडते, ते आधी विचार. आणि हो, मालक प्रेमानं गेस्टचे फोटो काढतात आणि स्टेटसला टाकतात, "आमचे फोटो नका टाकू हं" हे पहिल्याच चहाला सांगून टाक. तुमचे स्वतःचे पण घरी आल्यावरच टाका.

कायद्याची भीती मनातून काढ. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही, त्याचं वाईट मलाही तेवढंच वाटलं. पण दोन सज्ञान बायकांनी एका रूममध्ये राहू नये असा कुठलाही कायदा नाही. आधार द्या, नंबर झाकलेलं मास्क्ड चालतं का ते विचारा, नातं काय ते सांगायला तुम्ही बांधील नाही. किनाऱ्यावर हातात हात घालून चाललात तर सहसा कोणी वळून पण बघत नाही, किस मात्र रूममध्येच, उघड्यावर अश्लील वर्तनाचं कलम दाखवून पैसे उकळू बघणारे भेटू शकतात. तसं झालंच तर पैसे देऊ नका, ११२ लावा, आणि लोकेशन एका भरवशाच्या मैत्रिणीकडे चालू ठेवा.

आता पार्टनरचं. तिचा राग मला पटतो गं, वर्षभर ऑफिसात, घरी, सोसायटीत मैत्रीण म्हणून राहायचं आणि सुट्टीत पण तेच. पण जेवण वाढणाऱ्या काकूला खरं सांगितलं नाही म्हणजे तिला नाकारलंस असं होत नाही, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. निघायच्या आधी दोघी बसून ठरवा, कोणी विचारलं तर कोण काय बोलणार, आणि तू एकटीनं पटकन "हो हो मैत्रीण आहे" म्हणू नकोस, तिला तेच लागत असणार. "आम्ही दोघी सोबत आहोत" म्हणा, खरंही आहे आणि पुरतंही.

आमच्या एका मावशीकडे अशाच दोघी उतरल्या होत्या. आजीनं "लग्न?" विचारलं, एक म्हणाली "नाही हो, आम्ही दोघीच". आजी काही बोलली नाही, मोदकावर अजून तूप वाढलं. सकाळी अबोलीचा एकच गजरा होता तर मधोमध तोडून दोघींच्या केसांत स्वतःच्या हातानं माळला. सगळीकडे अशी आजी भेटेल असं मी सांगत नाही.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ बघाच, भरतीला पाणी कपारीतून कसलं उसळतं! आमच्याकडे भरती तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला. कपारीच्या कडेला उभ्या राहू नका आणि ओहोटीत पोहायला उतरू नका. पॅंट वर दुमडून वाळूत बसा, तिचा हात धर, आणि आल्यावर मला कळव.