वाचकांचे प्रश्न : वेबसाइट कोणाच्या नावावर?

प्रश्न : आमचा आगळ, आंबापोळी, फणसपोळीचा घरगुती धंदा आहे. ऑनलाइन विक्रीच्या वेबसाइटसाठी एका फ्रीलान्सरने ४० हजार सांगितलेत, निम्मे आगाऊ. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) हेही तोच स्वतःच्या खात्यातून घेणार म्हणतो. काम द्यावं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : काम द्या, पण डोमेन त्याच्या खात्यात अजिबात नको. आज सगळं सुरळीत चालेल. वर्षभराने नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर जाईल, ती त्याच्या नजरेतून सुटली की तुमच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला पत्ता बंद. खातं तुम्ही उघडा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊ द्या आणि त्याला सेटिंगपुरता प्रवेश द्या. होस्टिंगचंही तसंच. पेमेंट गेटवेची, म्हणजे ग्राहकांचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची, केवायसी तुमच्याच पॅन आणि बँक खात्यावर करा. रिफंड, गोपनीयता आणि संपर्काची पानं तयार नसतील तर गेटवेची मंजुरी तिथेच अडते, म्हणून ती आधी लिहून घ्या.

आगाऊ ३० टक्के पुरे. चाचणी साइट दिसली की ४० टक्के. उरलेले ३० मात्र सगळे पासवर्ड हातात आल्यावर आणि साध्या फोनवर, मोबाइल डेटावर, तुम्ही स्वतः खरी ऑर्डर देऊन पाहिल्यावरच. एक पेमेंट मुद्दाम अर्ध्यावर सोडा. ती ऑर्डर 'पैसे मिळाले' अशी दिसली तर काम अजून बाकी आहे.

करार दोन पानांचा चालेल, पण कॉपीराइटचं वाक्य हवंच. फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही, त्यामुळे पैसे दिले तरी त्याने लिहिलेल्या कोडचा हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभरासाठी' असं स्पष्ट लिहा.

उशीर मात्र बऱ्याचदा मालकाकडूनच होतो. फोटो आणि वजन-किमतींची यादी काम सुरू होण्याआधी द्या. मोबाइलमधला ४ एमबीचा फोटो तसाच चढवला तर पान रखडतं. १२०० पिक्सेल रुंद आणि २०० केबीच्या आत आणा. लेबल छापणाऱ्याकडचा मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असू शकतो. तो साइटवर चिकटवला की 'आंबापोळी'च्या जागी नुसती चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या.

प्रश्न : आमचा डेव्हलपर फोनच उचलत नाही. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवरची आमची साइट सुरू आहे. आधी काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आजच बॅकअप. होस्टिंगच्या पॅनेलमधून फायली आणि डेटाबेस (साइटवरच्या नोंदींचा साठा) दोन्ही उतरवा; नुसत्या फायलींत ऑर्डरी नसतात. मग पासवर्ड बदला आणि वर्डप्रेसच्या 'युजर्स'मध्ये ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे पूर्ण ताबा असलेले, कोण कोण आहेत ते पाहा. त्याचं खातं काढताना त्याचा मजकूर तुमच्या नावावर करण्याचा पर्याय निवडा, नाहीतर त्याने केलेली पानंही खात्याबरोबर जातील.