उत्तर: ९८ परसेंटाईल, ओबीसी, सीओईपी मिळेल का? (कटऑफ नंतर बघा, आधी जावक नंबर मागा)

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि २०२४ चा जुलै डोळ्यासमोर आला. पोरीला सीईटीला ९८ पडलेत, तीन प्रेडिक्टरनी तीन उत्तरं दिली, एक म्हणतंय सीओईपी (पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) नक्की, दुसरं म्हणतंय विसरा, तिसऱ्याला दीडशे रुपये भरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि तुम्ही विचारताय यातलं खरं कुठलं. एकपण नाही. पण माझा जीव अडकला तो तुमच्या शेवटच्या ओळीत. "व्हॅलिडिटीची फाईल कॉलेजमधून गेलीय म्हणतात." व्हॅलिडिटी म्हणजे जातीचा दाखला समितीनं तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र. म्हणतात म्हणजे कोण म्हणतंय? हेच वाक्य मी दीड वर्ष घरात सांगत होतो.

फॉर्म कसा भरायचा, राउंड कधी, ते सगळं तुम्हाला माहीत असणार, सोडतो. आणि आधीच सांगतो, मी काउन्सेलर नाही, कोल्हापुरातला साधा पालक, एका पोराची अॅडमिशन केलीय आणि तीपण गंडलेली. नियम दरवर्षी हलतात, माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

अंदाज का चुकतात ते आधी. परसेंटाईल म्हणजे मार्क नव्हेत, शंभरातली किती पोरं तुमच्या मागं राहिली ते. २०२४ ला पीसीएमला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गटाला, तीनेक लाख पोरं बसली, २०२५ ला चार लाखाच्या वर. म्हणजे तेच ९८ एका वर्षी साधारण सहा हजारावा नंबर आणि दुसऱ्या वर्षी आठ हजाराच्या पुढं. जागा काय त्या हिशोबात वाढत नाहीत. त्यात फेब्रुवारी २०२४ ला एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण आलं, कोण कुठल्या रांगेतनं उठून कुठल्या रांगेत बसला पत्ताच नाही, त्यामुळं २०२३ ची यादी आमच्या कामाची राहिलीच नव्हती. मी मात्र ती एक्सेलमधे रंगवून पाठ केलेली. सीओईपी २०२२ ला स्वतंत्र विद्यापीठ झालं म्हणून तिथं काही वेगळी खिडकी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तिथंपण हीच सीईटी आणि हाच कॅप, म्हणजे राज्याची एकत्र प्रवेशप्रक्रिया.

पुण्याच्या बाकी कॉलेजांचे कटऑफ बघताना यादीतल्या प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यपातळी. आपण शिवाजी विद्यापीठवाले, पुण्यात आपण ओ. निम्मे पालक एच बघून खूश होतात किंवा रडतात, दोन्ही फुकट.

आता माझी चूक. पोरगं अकरावीला असताना व्हॅलिडिटीची फाईल मी कॉलेजच्या ऑफिसात दिली. कॉलेजचं नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग पण नाही. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यासाठी मी गावच्या शाळेत तीन हेलपाटे घातलेले, हेडमास्तरांनी माळ्यावरनं जनरल रजिस्टर काढून पणजोबांचा उतारा दिला, वाळवी लागलेलं पान होतं ते. नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रं केली, सगळं पिनअप करून दिलं. १५ए या कॉलेजच्या नमुन्यावर प्राचार्यांची सही तेवढी बाकी. क्लार्क म्हणाले, "ठेवा हितं, पाठवतो." मी ठेवलं. पोच मागितली नाही. रोज भेटणारा माणूस, त्याला कागदावर लिहून मागायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं ओ, एवढंच कारण. बारावीच्या डिसेंबरात विचारलं तर "गेलीय की ओ, येईल आता घरी मेसेज". मी चहा पाजून आलो वर.

मग जुलैत कागद तपासणीला पोर्टलनं अर्जाचा नंबर मागितला. मुदतीला दोन दिवस. पळत गेलो, तर फाईल स्कॉलरशिपच्या गठ्ठ्याखाली कपाटातच, सही नाही, काही नाही. त्या दिवशी प्राचार्य बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी सही झाली तोवर उशीर झालेला, मुदतीत पावती हातात आली नाही. पोरगं ओपनमधे गेलं. पहिली यादी लागल्यावर बघितलं, सीओईपीत त्याला हवी ती ब्रँच ओबीसीतनं त्याच्या बऱ्याच मागच्या नंबरवर बंद झाली होती. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ साली नोकरीतल्या निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम काढला, त्याच गावात एक फाईल दीड वर्ष कपाटात. क्लार्क म्हणाले, "तुम्हीच पाठपुरावा करायला पाहिजे होता." राग यायचा तो आला, पण बोलायला तोंड नव्हतं, कारण पोच माझ्याकडं नव्हती.

सगळी ऑफिसं अशी नसतात हे मान्य. माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं दुसऱ्या कॉलेजातनं सरळ झालं.

तर उद्या अकरा वाजता कॉलेजात जा. फोन करू नका, फोनवर सगळ्यांच्या फाईली गेलेल्याच असतात. जावक नंबर आणि तारीख मागा, ऑनलाईन अर्जाचा नंबर मागा, जात पडताळणी समितीकडं जमा झाल्याची पावती मागा. तीनपैकी एकपण नाही मिळालं तर फाईल गेली नाही असं समजा आणि स्वतः उचलून न्या. नॉन क्रिमीलेअर पण बघा, ३१ मार्चला संपलेलं घेऊन लई जण येतात. आडनावाचं स्पेलिंग दाखल्यावर आणि दहावीच्या मार्कलिस्टवर एकच आहे ना तेपण.

प्राधान्यक्रमाचं माझं मत आहे, पटलं तर घ्या. "मिळणार नाही" म्हणून सीओईपी खाली टाकू नका, वर टाकल्यानं काही जात नाही, यंत्र मेरिटवर तुमच्या यादीत वरनं खाली सरकतं. उलट भीती दुसरी आहे. २०२५ पासून पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला की ऑटोफ्रीज, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की, दुसऱ्याला पहिल्या तीनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला. म्हणजे शेजाऱ्याच्या सल्ल्यानं नको ती ब्रँच एक नंबरला टाकली आणि लागली, तर पुढच्या राउंडचं दार बंद. पहिले सहा पोरीला लिहू द्या, तुम्ही चहा करा. उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचे, कोड वेगळे टाकावे लागतात, ते आपोआप येत नाहीत.

आमचा पोरगा शेवटी इथंच एका कॉलेजात आहे, बरं चाललंय, दुपारी घरी जेवायला येतो. हॉस्टेलचे पैसे वाचले म्हणतो. मी गप्प बसतो.

पावती मिळाली की इथं कळवा, पण फोटो टाकू नका, त्यावर नाव-नंबर सगळं असतंय.