‘हँड’ म्हणजे नुसता हात नव्हे

वास्को

प्रिय बाबू,

बोटीवर रुजू व्हायच्या आधी इंग्रजी सुधारावं म्हणून शब्दकोश पाठ करायला घेतलास, असं लिहिलं आहेस. ते पाठांतर सोड. ‘हँड’ हा एकच शब्द घे आणि तो कोण, कुठे, कोणाला म्हणतो ते ऐकत जा.

बोटीवर ‘हँड’ म्हणजे माणूस. डेकवरचा खलाशी तो ‘डेकहँड’, मुरलेला गडी तो ‘ओल्ड हँड’. माणसं कमी पडली की बोट ‘शॉर्ट-हँडेड’. आणि एखादं जहाज ‘लॉस्ट विथ ऑल हँड्स’ असं छापून आलं, तर त्यावरचं कोणीही वाचलेलं नसतं. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरांत ही बातमी काय असते, ते तुला मी सांगायला नको.

तुला सगळ्यात जास्त लागणार आहे तो ‘हँड ओव्हर’. शब्दकोश म्हणेल ‘सोपवणे’, पण पहाटे चारला ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी बदलते तेव्हा त्यात पुरी जबाबदारी असते. खलाशांचं प्रशिक्षण आणि पहाऱ्याबद्दलची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, एसटीसीडब्ल्यू; तिचा नियमच आहे: येणाऱ्या अधिकाऱ्याची नजर अंधाराला सरावल्याशिवाय त्याने वॉच घ्यायची नाही. तो काम करण्याच्या स्थितीत नाही असं वाटलं, तर जाणाऱ्याने ती द्यायची नाही, कॅप्टनला कळवायचं. दिशा, वेग, आसपासची जहाजं, सगळं बोलून झाल्यावरच ‘हँड ओव्हर’ झालं म्हणायचं.

मागचा-पुढचा शब्द बदलला की अर्थ फिरतो. ‘हँड इन’ म्हणजे कागद जमा करणं, ‘हँड आऊट’ म्हणजे वाटणं. काम ‘आऊट ऑफ हँड’ गेलं म्हणजे हाताबाहेर गेलं, इथे आपली मराठी बरोबर जुळते. पण अर्ज ‘रिजेक्टेड आऊट ऑफ हँड’ म्हणजे विचारही न करता फेटाळला. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ‘गिव्ह मी अ हँड’ म्हणाला तर दोरखंडाला हात लाव. पार्टीत कोणी ‘गिव्ह हिम अ बिग हँड’ म्हणालं तर टाळ्या वाजव.

एक तुझ्या कामाचं नाही, पण मला फार आवडतं: घोड्याची उंचीही हँडमध्येच मोजतात. एक हँड म्हणजे 4 इंच. 14.2 लिहिलं तर 14 हँड आणि वर 2 इंच. तो दशांश नव्हे.

वहीत सुटा शब्द लिहू नकोस. अख्खं वाक्य लिही, शेजारी बोलणारा कोण आणि तेव्हा काय चाललं होतं ते. पहिल्या बंदरातून त्या पानांचे फोटो मला पाठव.

तुझा,
काका