पीएचडीसाठी शेत गहाण टाकू नकोस

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. शिवाजी विद्यापीठातून एम.एड., शिरोळ तालुक्यात चार वर्षं झेडपीच्या शाळेवर, आणि आता शिक्षण व विकास या विषयात पीएचडीला इंग्लंड. तेही घरचं एकरभर शेत गहाण टाकून. आधी ते शेत यातून बाजूला काढ.

पदरच्या पैशानं पीएचडी करू नये, असं माझं ठाम मत. फी भरून घेणारे ढीगभर भेटतील. यूकेआरआय, म्हणजे संशोधनाला पैसा देणारी ब्रिटनची सरकारी संस्था, तिची विद्यावृत्ती परदेशी मुलांनाही मिळते, २०२५-२६ ला वर्षाला २०,७८० पौंड, पण जागा मोजक्या. दोन वर्षं हुकली तरी परत अर्ज कर. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचा. मला हे ऐनवेळी कळलं, चुलत्याकडून उसने घेतले.

या विकासाच्या क्षेत्रात नोकरीचे दिवस वाईट आहेत. अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड जुलै २०२५ मध्ये गुंडाळली. ब्रिटन परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणतंय. माझ्यासोबतचे कितीतरी जण सहा-सहा महिन्यांच्या करारावर आहेत. पीएचडीनंतर तीन वर्षं इथं इंग्लंडात काम शोधता येतं, एवढाच काय तो दिलासा.

तुझ्या हातात काय आहे, ते तुला दिसेना झालंय. बीडहून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, तुमच्याकडं येतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत ऊस तोडतात. पोरांची नावं तिकडच्या पटावर आणि पोरं तुमच्याकडं फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळत. काही गावी हंगामी वसतिगृहात राहतात, काही तुमच्याकडं साखरशाळेत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पोरांसाठीच्या हंगामी शाळेत, येतात, बाकीची कुठंच नाहीत. हे तू रोज बघतोस. इथले इंग्लंडातले लोक असलं बघायला विमानाचं तिकीट काढतात!

माझ्या पीएचडीच्या मुलाखतीत सक्तीच्या शिक्षणावर विचारलं. मी शाहू महाराजांचा १९१७ चा कायदा सांगितला: पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढची वीस मिनिटं कोल्हापूरच चाललं. माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं, बरं का.

तेव्हा या हंगामात एकाच फडावरची दहा पोरं धर. कुठल्या गावची, शेवटची शाळा कधी, वाचता येतं का, नीट लिहून ठेव. त्यावरून दोन पानांचं टिपण कर आणि मला धाड. मराठीत असलं तरी चालेल.