सोलापूर–गोवा विमान टिकेल का? आई-वडिलांसाठी तिकीट काढू का?

तुम्ही विचारलंय की कंपनी छोटी, विमान पंख्याचं आणि सोलापुरात विमानसेवा याआधीही येऊन गेलेली, मग सत्तरीच्या आई-वडिलांना या विमानाने गोव्याला बोलवावं का, आणि ही सेवा वर्षभर तरी चालेल का.

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीसाठी फोंड्याला. या विमानाने तीनदा गेलोय. त्याआधी रात्रभराची बस होती. बेळगाव मागे पडलं की चोर्ला घाट, आणि वळणावळणावर मान सांभाळत काढलेली पहाट. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: तिकीट काढा. दुसऱ्याला वेळ लागेल.

पंख्याची भीती आधी काढून टाकतो. ही सेवा चालवणारी फ्लाय91 कंपनी वापरते ते एटीआर 72-600 विमान. त्यातलं इंजिन जेटच्याच जातीचं असतं, फक्त त्याची ताकद पंखा फिरवण्यात खर्च होते. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर ते गोव्याचा मोपा विमानतळ हे हवाई अंतर साधारण तीनशे किलोमीटर आहे. एवढ्याशा अंतरात मोठं जेट वर चढून स्थिर होतंय तोवर उतरायची वेळ होते, इंधन मात्र भरपूर जळतं. एटीआर कमी इंधनात आणि आखूड धावपट्टीवर काम करतं, म्हणून लहान शहरांसाठी जगभर हेच विमान वापरतात. ते मोठ्या विमानाइतक्या उंचीवरून जात नाही, त्यामुळे पावसाळ्यात सह्याद्री ओलांडताना धक्के जरा जास्त जाणवतात. पोटात गोळा येतो, पण धोका नसतो. आई-वडिलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच धक्क्याला दोघं घाबरतील.

आता टिकण्याबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हे विमान सोलापूरला फुकट मिळालेलं नाही. होटगी रोडचा विमानतळ कित्येक वर्षं होता, पण नियमित विमान नव्हतं. किंगफिशरची मुंबई सेवा काही काळ चालली आणि बंद पडली. पुढे विमानाच्या वाटेत येणाऱ्या, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षं चालला. एका बाजूला विमानसेवेसाठी उपोषणाला बसलेली माणसं, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद. 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली. त्या दिवशी शहरात कुणी पेढे वाटले, तर कुणाच्या घरात चूल पेटली नसेल. माझे मामा कारखान्याचे सभासद आहेत, म्हणून मला दोन्ही बाजू घरातच ऐकायला मिळाल्या. सप्टेंबर 2024मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि 9 जून 2025 रोजी गोव्याचं विमान सुरू झालं. एवढी किंमत मोजून आलेली गोष्ट पुन्हा जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण वाटून काही होत नाही, हिशेब जमावा लागतो. केंद्राच्या उडान योजनेत कंपनीला ठरावीक मार्ग मिळतो. त्यातल्या काही आसनांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि त्यात येणारी तूट सरकारने भरून द्यायची, साधारण तीन वर्षं. त्या काळात त्या मार्गावर सहसा दुसरी कंपनी येत नाही. शिवाय ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याचं शुल्क माफ असतं आणि लहान विमानांच्या इंधनावर विक्रीकर फक्त 4 टक्के लागतो. म्हणजे पाळण्यातल्या बाळाला जेवढा आधार द्यावा तेवढा दिलेला असतो. खरी परीक्षा तीन वर्षांनी. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचं उदाहरण ताजं आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी तिथे मुंबईचं विमान मोठ्या थाटात सुरू झालं, लोकांनी गर्दीही केली, आणि तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर 2024मध्ये ते थांबलं. नांदेडला तर 27 एप्रिल 2017 रोजी, उडान योजनेच्या अगदी पहिल्या दिवशी ट्रूजेटचं विमान मिळालं होतं. पुढे ती कंपनीच बंद पडली आणि नांदेड पुन्हा रेल्वेवर आलं. जळगाव आणि नाशिकला 2017च्या डिसेंबरात एअर डेक्कनची अठरा आसनी विमानं आली होती. मुंबईत उतरायला वेळ मिळणं हीच तिथली सगळ्यात मोठी अडचण. मुंबईत अठरा जणांचं विमान उतरलं काय नि एकशे ऐंशी जणांचं उतरलं काय, धावपट्टी जवळजवळ तेवढीच अडते. मग लहान विमानाला सोयीची वेळ कोण देणार?

या दृष्टीने गोव्याचा मार्ग मला मुंबईपेक्षा भक्कम वाटतो, आणि हे माझं मत बऱ्याच सोलापूरकरांना पटत नाही. मुंबई मार्गाला प्रवासी खूप, हे खरं. ऑक्टोबर 2025मध्ये स्टार एअरने ती सेवा सुरू केली, राज्य सरकारनेही त्या मार्गाची तूट भरायची तयारी दाखवली. पण मुंबईच्या विमानाची स्पर्धा सिद्धेश्वर एक्सप्रेसशी आहे. रात्री घरी जेवायचं, गाडीत झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरून थेट कामाला. दिवस वाया जात नाही, हॉटेलचा खर्च नाही. शिवाय फेब्रुवारी 2023पासून वंदे भारत आहेच, साडेसहा तासांत पोचवते. गोव्याला यातलं काही नाही. सोयीची रेल्वे नाही, रस्ता लांबचा, शेवटी घाट. तिथे तासाभराचं विमान माणसाचा अख्खा दिवस वाचवतं.

आणि प्रवासी फक्त सोलापूरहून गोव्याला येतात असं नाही. माझ्या शेजारचं गोव्याचं कुटुंब याच विमानाने अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलं. सोलापूरला उतरलं की अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. तिन्ही ठिकाणं दोन दिवसांत होतात. येताना चादरी आणि शेंगाचटणी घेऊन आले, घरभर लसणाचा वास. समुद्राकडे जाणारे सुट्टीत जातात, देवाला येणारे वर्षभर येतात. विमान जाताना भरलेलं आणि येताना रिकामं असलं की मार्ग बुडतो, इथे दोन्हीकडून माणसं मिळायची शक्यता आहे. त्यासाठी विमानतळावरून अक्कलकोट-तुळजापूरला थेट बस किंवा ठरलेल्या दराची टॅक्सी हवी. हे काम विमान कंपनीचं नाही, ते शहराने करायला हवं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. चिमणीसाठी आपण एवढं भांडलो, बससाठी अजून कुणी आवाज उठवताना मला दिसलं नाही.

सेवा टिकणार की नाही हे ओळखायचं असेल तर उद्घाटनाच्या आठवड्याची गर्दी बघू नका. वेळापत्रक बघा. दर मोसमाला, म्हणजे मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, नवीन वेळापत्रक येतं. आठवड्यातले दिवस वाढले तर कंपनीला मार्गात जीव दिसतोय. चाराचे तीन, तिनाचे दोन झाले तर समजा निरवानिरव चालली आहे. मंगळवार-बुधवारच्या विमानात किती माणसं आहेत तेही बघा. शनिवारी सगळीच विमानं भरतात.

आता तुमच्या आई-वडिलांचं. तिकीट लवकर काढा. भाड्याची मर्यादा सगळ्या आसनांना नसते, स्वस्तातली जागा आधी जाते आणि मग शेवटच्या दिवशी दुप्पट पैसे मोजताना उडानच्या नावाने बोटं मोडावी लागतात. आईचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. एटीआरला मागच्या दारातून चढायचं असतं आणि पायऱ्या मोजक्याच असतात, पण विमानापर्यंत उन्हात थोडं चालावं लागू शकतं. आत दोन-दोन आसनांच्या रांगा, त्यामुळे दोघं शेजारी बसतील, मध्ये तिसरं कुणी नाही. वरचे कप्पे लहान असतात. कडबोळ्यांचा मोठा डबा हातात ठेवू देतील असं धरून चालू नका.

ज्या दिवशी पोचायलाच हवं, लग्न किंवा ऑपरेशन, त्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट घ्या. लहान कंपनीकडे विमानं मोजकी असतात. सकाळी दुसऱ्या कुठल्या शहरात उशीर झाला तर तेच विमान दुपारी तुमच्याकडे उशिरा येतं. लहान विमानतळांवर बऱ्याचदा उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय नसते, तिथे पाच किलोमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसावं लागतं. एकदा अशाच एका छोट्या शहरात मी ढगांमुळे अडकलो आणि चुलतबहिणीची हळद चुकली. तेव्हापासून मी एक दिवस हातात ठेवतो. हवामानामुळे विमान रद्द झालं तर तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान मिळतं, भरपाई मिळत नाही. कंपनीने स्वतःच्या कारणाने, चोवीस तास आधी न कळवता तासाभराचं विमान रद्द केलं तर 5000 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते द्यावं लागतं. मात्र त्यासाठी तिकिटावर तुमचा चालू फोन नंबर हवा. एजंटाकडून काढलंत तर तो स्वतःचाच नंबर टाकतो, तेवढं तपासून घ्या.

शेवटचं, मोपा उत्तर टोकाला पेडण्यात आहे. तुम्ही मडगावकडे राहत असाल तर गाडीने दीड तास तरी धरा. म्हापसा-पणजीला असाल तर फार लांब नाही. वडिलांना खिडकी द्या. एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. सोलापूरची करडी रानं संपून घाटाचा हिरवा काठ येतो तेव्हा माझे वडील काचेला नाक लावून बसले होते.